कुरणातली फटफटी आणि ताबेदार कोण?

गेल्या दिवाळीच्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत उभा असताना निदान चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "काय हो, त्या अपघाताचं पुढे काय झालं? घरमालकाने पैसे दिले का?" श्रीखंडाची वाटी हातात असताना अशा प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. संपादकांनी ते ऐकले आणि "पुरवणीसाठी लिहूनच द्या" म्हणून गळ घातली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधीच सांगतो, मी वकील नाही. औषधाच्या कारखान्यात यंत्रे सांभाळणारा माणूस आहे. पण गेली दीड-दोन वर्षे सॉलिसिटरच्या कचेरीत बसून आणि रात्री आयर्लंडचे कायदे वाचून जे समजले, ते आपल्यातल्या पुष्कळांना उपयोगी पडेल असे वाटते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे डब्लिनची भाडी परवडत नाहीत म्हणून मीथ, किल्डेर, विक्लोकडे सरकली आहेत. तिथे घराबरोबर एखादा एकर कुरणही मिळते आणि आपल्याला वाटते, चला, गावाकडची हौस भागली.

आम्हालाही तसेच वाटले. ट्रिमच्या बाजूला एक जुना बंगला आम्ही भाड्याने घेतला होता. मागे दोन एकरांचे कुरण. भाडेपट्ट्यात "घर व मागील कुरण" असे स्पष्ट लिहिलेले. घरमालक सत्तरीचे शेतकरी, शेजारच्याच वाडीत राहणारे, नाताळला न चुकता घरच्या अंड्यांचा ट्रे आणून देणारे. चिरंजीव सतरा वर्षांचे झाले आणि त्यांनी उन्हाळी नोकरीच्या पैशांतून एक जुनी १२५ सीसीची रानगाडी विकत आणली. इथे तिला स्क्रॅम्बलर म्हणतात. माझ्या वडिलांची राजदूत होती, कोल्हापूर ते पन्हाळा मी तिच्यावर पाय फुटेपर्यंत किक मारून गेलेलो आहे, त्यामुळे मुलाला नाही म्हणायला तोंड नव्हते. एकच अट घातली : रस्त्यावर न्यायची नाही, कुरणातच फिरवायची. "खासगी जागा आहे, इथे लायसन नको, विमा नको," असे मी मोठ्या जाणतेपणाने सौ.ला सांगितल्याचे आठवते.

२०२४ च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी मुलाने मित्राला बोलावले. मित्रही सतरा वर्षांचा, आपल्याच मंडळातल्या माझ्या जुन्या स्नेह्यांचा मुलगा. दुपारी मी ओट्यावर चहा पीत होतो. गाडीचा आवाज एकदम तुटला. जाऊन पाहतो तो सेप्टिक टाकीच्या झाकणापाशी गाडी तोंडावर पडलेली आणि पोरगा दहा फूट पुढे. नडगीची दोन्ही हाडे मोडली होती, मनगटही.

आता हे झाकण. टाकीचे सिमेंटचे झाकण हिवाळ्यात तडकले होते. फेब्रुवारीत मी घरमालकांना फोन केला, मग फोटोसह संदेशही पाठवला. ते आले, पाहिले, "जरा ऊन पडू दे, मग नवे टाकू" म्हणाले आणि तोवर वर प्लायवुडची फळी टाकून गेले. मीथमध्ये एप्रिल-मे महिन्यात गवत कसे वाढते ते तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पाच-सहा आठवड्यांत फळी दिसेनाशी झाली. मुलाला ती जागा माहीत होती, तो वळसा घालून जायचा. मित्राला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

पहिली प्रतिक्रिया सर्वांची एकच : झाकण घरमालकाचे, टाकी घरमालकाची, तेव्हा जबाबदार घरमालक. माझीही तीच होती. त्या रात्री इस्पितळात मी मित्राच्या वडिलांना म्हटले, "माझी चूक झाली हो." मनापासून म्हटले. पुढे विमा कंपनीच्या माणसाने या वाक्यावरून माझी चांगलीच हजेरी घेतली. पण सॉलिसिटरबाईंनी पहिल्याच भेटीत जे सांगितले त्याने माझी झोप उडाली. त्या म्हणाल्या, "घरमालकाचं नंतर बघू. आधी हे बघू या की ताबेदार तुम्हीच नाही ना."

आयर्लंडमध्ये या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे १९९५ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी ॲक्ट. तो त्या वर्षीच्या जुलैत लागू झाला. त्याच्या नावातच मेख आहे. तो मालकाचा कायदा नाही, ताबेदाराचा आहे. सातबारावर कोणाचे नाव आहे हे तो विचारत नाही. जागेच्या स्थितीवर ज्याचे इतके नियंत्रण आहे की त्या विशिष्ट धोक्याबाबत आलेल्या माणसाची काळजी घेण्याचे कर्तव्य त्याच्यावर टाकणे वाजवी ठरेल, तो ताबेदार. असे नियंत्रण दोघांकडे असेल तर दोघेही ताबेदार, आणि ज्याचे नियंत्रण जितके, तितके त्याचे कर्तव्य.

हे वाचल्यावर भाडेकरूची स्थिती लक्षात येते. कुरण भाडेपट्ट्याने माझ्या ताब्यात. फाटकाला कुलूप माझे. कोणाला आत घ्यायचे हे मी ठरवणार. तेव्हा कुरणातला ताबेदार पहिल्या नजरेत मीच. घरमालक भाडे घेऊन बाजूला झालेला. इंग्रजी परंपरेचा जुना नियम तर घरमालकाला फारच सोयीचा होता : जागा जशी आहे तशी घ्या, नंतर तक्रार नको. १९०६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला आला होता. मोडकी जमीन दुरुस्त करून देण्याचे वचन घरमालकाने नवऱ्याला दिले होते. जखमी झाली बायको. निकाल असा, की वचन नवऱ्याला दिलेले, बायको करारात नाही, सबब तिला काही नाही! आयर्लंडमध्ये या नियमाची धार पुढे बोथट होत गेली. डब्लिन महापालिकेच्या एका ओलसर फ्लॅटच्या प्रकरणात इथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटले, की पालिकेने राहायला दिलेली जागा राहण्यालायक असली पाहिजे, हे करारात न लिहिताही गृहीत आहे. मग २००४ चा रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट आला. त्याच्या १२ व्या कलमाने घराच्या बांधणीची आणि आतली दुरुस्ती घरमालकावर घातली, आणि भाडेपट्ट्यात काहीही लिहून घेतले तरी ती टाळता येत नाही असे १८ वे कलम सांगते. भाड्याच्या घरांच्या दर्जाचे २०१९ चे नियम तर बागेचाही उल्लेख करतात. पण बाग वेगळी आणि दोन एकर कुरण वेगळे. शिवाय, दुरुस्तीचे कर्तव्य नेहमीच्या वापरासाठी असते. कुरणात कोणी फटफटीची शर्यत लावील हे गृहीत धरून घरमालकाने खाचखळगे बुजवून द्यावेत, असे कोणताही न्यायाधीश म्हणणार नाही.

म्हणजे मुलगा नुसता एखाद्या खड्ड्यात किंवा ओल्या गवतावर घसरून पडला असता तर घरमालकाकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता. गाडी वेगात नेली, ब्रेक नीट नव्हते, हेल्मेट नव्हते (होते, देवाची कृपा), हे सारे "जागेच्या स्थितीचे" धोके नव्हेत. १९९५ चा कायदा फक्त जागेच्या स्थितीतून उद्भवणाऱ्या धोक्यापुरता आहे. जागेवर चाललेल्या उद्योगातून इजा झाली तर साधा निष्काळजीपणाचा कायदा लागतो, आणि तिथे जबाबदार तो, जो तो उद्योग करतो किंवा करू देतो. आमच्या बाबतीत गाडी माझ्या मुलाची आणि परवानगी माझी. घरमालकांना गाडी आहे हेही धड ठाऊक नव्हते.

पण झाकणाची गोष्ट निराळी. सेप्टिक टाकीची नोंदणी करणे आणि ती धड ठेवणे हे २०१२ च्या वॉटर सर्व्हिसेसच्या दुरुस्ती कायद्याने जागेच्या मालकावर टाकले आहे, भाडेकरूवर नव्हे. घरमालक येऊन पाहून गेले, फळी टाकून गेले, पुढे काय करायचे ते त्यांनीच ठरवले. म्हणजे त्या विशिष्ट धोक्यावर त्यांचे नियंत्रण होते. मी फेब्रुवारीत पाठवलेला तो एक संदेश पुढे सर्वांत मोलाचा कागद ठरला. एरवी आपण भिडस्तपणाने म्हणतो, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाला किती सतवायचे. वाचकहो, तोंडी सांगा, पण मागाहून लिहूनही कळवा.

आता दुसरा पेच : आलेला माणूस कोण? कायदा तीन जाती करतो. एक, पाहुणा, म्हणजे बोलावलेला किंवा करारामुळे आलेला. दोन, मौजेखातर मोकळ्या हवेत फिरायला, खेळायला फुकट आलेला. तीन, विनापरवाना घुसलेला. पाहुण्याबाबत ताबेदाराने वाजवी काळजी घेतली पाहिजे. उरलेल्या दोघांबाबत एवढेच, की त्यांना जाणूनबुजून इजा करायची नाही आणि त्यांच्या जिवाची बेफिकीर पायमल्ली करायची नाही. हा फरक फार मोठा आहे. डॉनिगॉलमध्ये रॉसनोलाच्या समुद्रकाठी एक बाई कड्यावरून घसरून पडल्या. हायकोर्टाने भरपाई दिली. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली : समुद्राकाठचा कडा धोक्याचा असतो हे कोणालाही कळते, त्याची पाटी लावायला नको. तसेच विक्लो वेवर जूसच्या डोंगराजवळ लाकडी पायवाटेच्या भोकात पाय अडकून एक गिर्यारोहक बाई पडल्या. २०१६ साली सर्किट कोर्टाने ४० हजार युरो दिले, २०१७ साली हायकोर्टाने ते रद्द केले. त्या निकालाने साऱ्या देशातल्या डोंगराळ शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नाहीतर सगळी फाटके बंद झाली असती आणि आपल्या मंडळाची वर्षासहल कुठे गेली असती कोण जाणे.

मला वाटले, मित्र मौजेखातरच आला होता, तेव्हा तो दुसऱ्या जातीत. सॉलिसिटरबाई हसल्या. ताबेदाराने किंवा त्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाने आवर्जून बोलावलेला माणूस दुसऱ्या जातीत धरत नाहीत. माझ्या मुलाने त्याला फोन करून बोलावले होते, सौ.ने त्याच्यासाठी पोहे केले होते. तो पाहुणा. अतिथी म्हणा हवे तर. त्याच्याबाबत वाजवी काळजी घ्यायला हवी होती, आणि "तिकडे टाकी आहे, जाऊ नकोस" एवढे एक वाक्य म्हणजे वाजवी काळजी झाली असती. हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात म्हटले असेल याची गणती नाही.

आमच्या भाडेपट्ट्यात एक कलम होते : "कुरणाचा वापर भाडेकरूने स्वतःच्या जोखमीवर करावा." घरमालकांच्या विमा कंपनीने ते पुढे केले. पण त्याच कायद्याचे सहावे कलम सांगते, की आलेला माणूस ज्या करारात नाही, त्या कराराने त्याचा हक्क कमी होत नाही. १९०६ च्या निकालातली त्या बाईची गोष्ट इथे उलटी फिरली म्हणायची. मुलगा करारात नव्हता, हेच त्याच्या कामी आले.

मग प्रश्न आला जाणूनबुजून धोका पत्करण्याचा. पूर्वी आयर्लंडमध्ये हा बचाव ताबेदाराला फारसा मिळत नसे. १९६१ च्या सिव्हिल लायबिलिटी ॲक्टप्रमाणे तसा करार किंवा दोघांत तसे बोलणे झालेले लागे. विम्याचे हप्ते गगनाला भिडले, क्रीडा मंडळे आणि लहान व्यवसाय मेटाकुटीला आले, तेव्हा २०२३ मध्ये १९९५ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. ती ३१ जुलै २०२३ पासून लागू आहे. आता माणसाच्या बोलण्यावरून किंवा वागण्यावरूनही त्याने धोका पत्करला असे ठरवता येते. मात्र त्या धोक्याचे स्वरूप आणि व्याप्ती त्याला कळण्यासारखी हवी. वाजवी काळजी म्हणजे काय हे ठरवताना धोक्याची शक्यता, इजेची गंभीरता, उपायाचा खर्च आणि त्या उद्योगाचा समाजाला उपयोग हेही कोर्टाने पाहायचे आहे. आमच्या प्रकरणात दोन्ही विमा कंपन्यांनी या दुरुस्तीवर भिस्त ठेवली होती. मला विचाराल तर दुरुस्ती योग्य आहे, पण इथे ती पुरी लागत नव्हती. फटफटीवर बसणारा पोरगा पडण्याचा धोका पत्करतो. गवताखाली कुजलेली फळी आणि तिच्याखाली मैल्याची टाकी, हा धोका त्याने पत्करला असे कसे म्हणणार? त्याला तो माहीतच नव्हता.

विम्याबद्दल दोन शब्द, कारण माझ्या अज्ञानाची खरी कमाल तिथे होती. घरातल्या सामानाच्या माझ्या विम्यात दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी अंतर्भूत होती, पण बारीक अक्षरांत "यांत्रिक वाहनामुळे झालेली इजा वगळून" असे होते. कारण वाहन की झाकण, यावर तीन महिने पत्रे फिरली. वाहनाच्या सक्तीच्या विम्याचा इथे उपयोग नव्हता, कारण तो दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी असतो आणि मुलगा स्वतःच चालवत होता. पण "खासगी जागेत विमा नको" हा माझा ठाम समज आता धरून चालण्यासारखा नाही. २०१४ साली युरोपच्या न्यायालयाने स्लोव्हेनियातल्या एका प्रकरणात निकाल दिला. शेताच्या अंगणात ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का लागून शिडीवरचा माणूस पडला होता. न्यायालयाने म्हटले, तोही वाहनाचा वापरच. त्यातून पुढे २०२१ चा युरोपीय निर्देश आला, आणि तो सदस्य देशांनी डिसेंबर २०२३ पर्यंत अमलात आणायचा होता. २०२३ च्याच रस्ते वाहतूक कायद्याने गार्डांना बेफाम फिरणाऱ्या स्क्रॅम्बलर आणि क्वाड जप्त करण्याचे जादा अधिकार दिले. तेव्हा परसात गाडी उभी असेल तर विमेवाल्याला लेखी विचारा. मुलगा सोळा वर्षांच्या आतला असेल तर गाडी आणूच नका. त्या वयाच्या मुलाला यांत्रिक वाहन पुरवणे १९६८ पासून गुन्हा आहे.

आपल्यातल्या काहींनी आता शेतजमिनीसह घरे विकत घेतली आहेत आणि कुरण शेजारच्या शेतकऱ्याला अकरा महिन्यांसाठी देतात. इथे त्याला कोनेकर म्हणतात. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की कोनेकर हा भाडेपट्टा नव्हे, फक्त पीक घेण्याची परवानगी. जमिनीचा सर्वसाधारण ताबा मालकाकडेच राहतो. "मी जमीन दिली, माझा संबंध संपला" असे तिथे म्हणता येत नाही. उत्तरेत, बेलफास्टकडे, कायदे निराळे आहेत. हा लेख तिकडच्या मंडळींनी आपल्याला लागू धरू नये. आणि कॅलिफोर्नियातल्या माझ्या मेहुण्याने फोनवर जो कायदा मला सुनावला (१९६३ पासून तिथे मौजेखातर आलेल्यांबाबत जमीनमालकाला मोठे संरक्षण आहे) तोही इथे लागू नाही, हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला.

आता भरपाईची वाट. इथे सरळ कोर्टात जाता येत नाही. आधी इजा-भरपाईच्या मंडळाकडे अर्ज करावा लागतो. २००४ पासूनचे हे मंडळ २०२३ पासून पर्सनल इन्ज्युरीज रेझोल्यूशन बोर्ड या नावाने ओळखले जाते. इजेला किती रक्कम याची मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, आणि ती पूर्वीच्या मानाने बरीच हात राखून आहेत. मुदत दोन वर्षांची. इजा झालेला अज्ञान असेल तर ती त्याच्या अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. ज्याच्यावर दावा सांगायचा त्याला महिन्याच्या आत लेखी कळवावे, नाहीतर पुढे खर्चाच्या बाबतीत कोर्ट नाराजी दाखवू शकते. दोघे जबाबदार ठरले तर जखमी माणूस कोणाहीकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, आणि त्या दोघांनी आपसात वाटणी करायची. जखमीचीही काही चूक असेल तर तेवढा हिस्सा वजा होतो.

हे सगळे मला कळले, पण माझ्या स्नेह्यांना अर्ज करायचाच नव्हता. "तुमच्यावर दावा? काहीतरीच काय," असे वहिनी म्हणाल्या, आणि त्यानंतर दोन्ही घरांतले बोलणे हळूहळू कमी झाले. ते दावा करीत नव्हते म्हणून मला अपराधी वाटे; मी वारंवार "करा हो" म्हणत होतो म्हणून त्यांना संकोच वाटे. पोराच्या नडगीत सळई होती, शेवटच्या परीक्षेचे वर्ष होते, फिजिओथेरपीचे पैसे त्यांच्या खिशातून जात होते. गणपतीला आम्ही एकमेकांकडे गेलो नाही. घरमालकही अंडी घेऊन येईनासे झाले. त्यांना वाटे मी त्यांना कोर्टात खेचणार. एका फळीने तीन घरे अबोल केली होती.

ऑक्टोबरात पोरगा अठराचा झाला. त्यानंतरच्या रविवारी तो एकटाच बसने आला, कुबडी न घेता, थोडा लंगडत. सौ.ने पुन्हा पोहे केले. खाऊन झाल्यावर त्याने विचारले, "काका, आता दावा माझा आहे ना? बाबांचा नाही?" मी म्हटले, "कायद्याने तुझाच." "मग करू का? तुमचं आणि त्या आजोबांचं, दोघांचं नाव घालावं लागेल." मी आतून फायलीतला फेब्रुवारीचा संदेश, फोटो, भाडेपट्टा आणि दोन्ही विमा कंपन्यांचे पत्ते आणून त्याच्यापुढे ठेवले. म्हटले, "कर. माझं नाव आधी घाल."

प्रकरण कोर्टात गेले नाही. दोन्ही कंपन्यांनी मिळून रक्कम दिली. मोठा वाटा घरमालकांच्या कंपनीचा, लहान माझ्या. वेगाबद्दल पोराचाही थोडा हिस्सा कापला गेला, आणि ते त्याने खळखळ न करता मान्य केले. किती, ते त्याचे गुपित. माझा हप्ता वाढला. घरमालकांनी टाकीला नवे, बोल्ट लावलेले लोखंडी झाकण बसवले आणि त्याभोवती पांढरे दगड मांडले. ते काम चालू असताना मी त्यांना चहा नेऊन दिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग पोराचा पाय कसा आहे म्हणून त्यांनी विचारले.